बाईंकडे शिकलेलं बघणं

लेकीनं बारावीनंतर चित्रकलेला जायचं ठरवलं तेव्हा आमच्या घरात फारशी खळखळ झाली नाही. बायको म्हणाली, हिनं नाही जायचं तर कुणी जायचं, हिच्या गणिताच्या वहीत गणितं कमी आणि चेहरेच जास्त. मी चाकणच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. चित्रकलेच्या कॉलेजसाठी प्रवेशपरीक्षा असते आणि तिच्यात चित्रं काढण्याबरोबर कलेच्या इतिहासाचेही प्रश्न येतात, हे मला तेव्हाच कळलं. काढायचं ते लेकीला येत होतं. इतिहास म्हटलं की मात्र ती पुस्तक मिटून ठेवायची.

तिच्या मैत्रिणीनं संत तुकाराम नगरातल्या एका बाईंबद्दल सांगितलं. महापालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. रविवारी सकाळी घरीच तास घ्यायच्या. आम्ही मोशीला राहतो. मी लेकीला गाडीवर सोडायचो, आणि तासाभरासाठी परत जाऊन पुन्हा यायचं म्हणजे निम्मा वेळ भोसरीच्या ट्रॅफिकमध्येच जाणार, म्हणून खाली पार्किंगमध्ये गाडीवरच बसून राहायचो. दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी बाई गॅलरीत आल्या आणि वरून म्हणाल्या, "तिथं उन्हात काय करताय? वर या. खुर्ची आहे."

मी वर गेलो. दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर चार मुली बसलेल्या, भिंतीशी पुस्तकांचे गठ्ठे, बुद्धाचं एक चित्र आणि त्याखाली बाईंच्या आईवडिलांचा फोटो. दाराजवळ चपलांच्या शेजारी एक प्लास्टिकची खुर्ची होती. मी तिच्यावर बसलो आणि मोबाइल काढला. बाईंनी शिकवता शिकवताच तो खिशात ठेवायची खूण केली. मीही एखाद्या शाळकरी पोरासारखा तो ठेवून दिला.

चित्रांशी माझं कधीच जमलं नव्हतं, आणि त्याला कारण होतं. मला लाल आणि हिरवा या रंगांतला फरक नीट कळत नाही. बीड जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत मी लिंबाच्या झाडाला तपकिरी पानं काढली होती आणि ती वर्गात सगळीकडे फिरली होती. त्यावेळी कुणालाच, मलाही, कळलं नाही की हा डोळ्यांचा प्रकार आहे. ते कळलं आयटीआय करून इकडे आल्यावर. गाड्यांच्या वायरिंगच्या लाइनवर माझी निवड झाली होती. मेडिकलला डॉक्टरांनी ठिपक्याठिपक्यांच्या गोलांचं एक पुस्तक समोर धरलं आणि कुठला आकडा दिसतो ते विचारलं. मला ठिपके दिसत होते, आकडा दिसत नव्हता. डॉक्टर पान उलटत राहिले. लाल-हिरव्या वायरी जोडायच्या कामावर असा माणूस चालत नाही, हे बरोबरच होतं. मला स्टोअरला टाकलं. तिथं मी रमलो आणि वाढलोही. पण त्या दिवसापासून रंगांचा विषय निघाला की मी जरा बाजूला सरकायचो. शर्ट बायको आणायची. लेक लहानपणी रंगीत खडूंवरची नावं मला वाचून दाखवायची; तिला तो खेळ वाटायचा.

असा माणूस कलेच्या इतिहासाच्या तासाला बसला होता.

बाईंनी सुरुवात चित्रांपासून केलीच नाही. रंग म्हणजे काय, तिथून केली. त्या म्हणाल्या, रंग म्हणजे भुकटी आणि तिला चिकटवून धरणारं काहीतरी, एवढंच. मग एका रविवारी त्यांनी गेरूची एकच पुडी मांडली. एका वाटीत तो बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात कालवला, दुसरीत अंड्याच्या पिवळ्या बलकात, तिसरीत जवसाच्या तेलात. चौथ्या वेळी नुसत्या पाण्यात कालवून एका कौलावरच्या ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर लावला. माती एकच, पण डिंकातली पातळ आणि पारदर्शक झाली, बलकातली लगेच सुकून गुळगुळीत झाली, तेलातली जाड, चकचकीत आणि कितीतरी दिवस ओलीच राहिली. चुन्यातली तर गिलाव्यात मुरून त्याचाच भाग होऊन बसली. बाईंनी मुलींना सगळ्यांवरून बोट फिरवायला लावलं. मग म्हणाल्या, युरोपात तेल आलं तेव्हा चित्रकाराला पहिल्यांदा थांबायला वेळ मिळाला. गिलावा सुकायच्या आत आटपायची घाई नाही. आज चेहरा, चार दिवसांनी परत तोच चेहरा. म्हणून मग चेहऱ्यावरच्या सावल्या इतक्या हळुवार झाल्या.

हे ऐकताना मी खुर्चीत पुढे सरकून बसलो होतो. इतकी वर्षं मला वाटायचं, चित्रकला म्हणजे रंगांची निवड, आणि ते दार मला बंद. इथं तर माल कुठला, त्याला धरणारं काय, सुकायला किती वेळ, त्यातून काय निघतं, असं सगळं चाललं होतं. हे मला समजत होतं. त्या दिवशी उरलेलं अंड्याचं पांढरं बाईंनी एका डब्यात भरून माझ्या हातात दिलं, आणि दुपारी आमच्या घरी त्याचं फिकट ऑम्लेट झालं. बायकोनं विचारलं, हा इतिहासाचाच क्लास आहे ना?

बाईंची शिकवायची पद्धतच अशी होती. पुस्तकातलं वाक्य त्या आधी हातात द्यायच्या, मग तोंडात. यथार्थदर्शन शिकवायचं होतं तर आम्हाला खाली मेट्रोच्या पुलाखाली नेलं. रस्त्याच्या मधोमध उभे असलेले खांब लांब लांब जात बारीक होत गेलेले, वरचा पूल आणि खालचा रस्ता जणू एकमेकांना भेटायला निघालेले. त्या म्हणाल्या, एक डोळा मिटा आणि हे सगळं कुठं भेटतं तिथं बोट ठेवा. रिक्षावाले बघत होते. आम्ही पाचही जण एक डोळा मिटून हवेत बोट धरून उभे. छायाप्रकाश शिकवताना त्यांनी खिडक्या लावून घेतल्या आणि एका कांद्यावर बाजूनं टॉर्च धरला. अर्धा कांदा अंधारात गेला. इटलीतल्या एका चित्रकारानं संतांच्या चित्रांत हेच केलं, म्हणाल्या, आणि संत एकदम आपल्या घरातले वाटायला लागले.

नावं त्या शेवटी सांगायच्या. दोन चित्रं शेजारी ठेवायच्या, आधीचं आणि नंतरचं. मग विचारायच्या, "वाद म्हणजे भांडण. तर हे दुसरं चित्र पहिल्याशी कशावरून भांडतंय?" मुली बोलायला लागायच्या. इथं रेषा पक्की आहे, तिथं विरघळलीय. इथं देव आहेत, तिथं दगड फोडणारी माणसं आहेत. भांडण सापडलं की मग बाई नाव द्यायच्या, वास्तववाद, घनवाद, अतिवास्तववाद, आणि ते नाव डोक्यात बसायचं. इंग्रजांच्या काळात आपल्याकडच्या चित्रकारांनी साहेबांसाठी काढलेल्या चित्रांना कंपनी शैली म्हणतात, हे ऐकून मी कान टवकारले होते. ती कंपनी वेगळी निघाली. पण बाई म्हणाल्या, फार वेगळी नाही हो, तिथंही साहेबाला हवं तसंच काढावं लागायचं. तरी त्यातल्या एखाद्या चांगल्या माणसानं वटवाघळाच्या पंखात स्वतःचा जीव ओतलाच. मग त्यांनी ते वटवाघूळ दाखवलं. खरोखरच त्याच्यावर जीव जडावा असं होतं.

हळूहळू मला त्यांच्याबद्दलही कळत गेलं. त्यांचे वडील पिंपरीत औषधांच्या कारखान्यात कामाला होते. जयंतीच्या मिरवणुकीचे फलक वस्तीत बाईच रंगवायच्या, शाळेत असल्यापासून. एकदा वडिलांनी त्यांना लोणावळ्याच्या गाडीनं मळवलीला आणि तिथून चढून भाज्याच्या लेण्यांत नेलं. दगडात कोरलेल्या लाकडासारख्या कमानी बघून त्यांनी विचारलं, हे कुणी केलं? वडील म्हणाले, हातात छिन्नी असलेल्या माणसांनी, त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. बाई सांगत होत्या की मग त्यांना ते सोडवेना. त्या कारागिरांच्या आधी कुणी काय केलं, नंतर कुणी काय केलं, हेच शोधत राहिल्या. मला त्यांचं नवल वाटायचं. शाळेत त्यांच्या वाट्याला आठवड्याला एक तास यायचा आणि तोही बरेचदा दुसऱ्या विषयाला दिला जायचा. तरी जगभरची चित्रं या बाईंच्या डोक्यात गल्लीतल्या घरांसारखी ओळीनं उभी होती.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्या दृक्प्रत्ययवादापाशी आल्या. उन्हात, उघड्यावर बसून, जे दिसतंय ते दिसतंय तसं पटकन रंगवणारे फ्रेंच लोक. बाईंनी एका पुस्तकातलं चित्र मधे ठेवलं आणि सगळ्यांना विचारलं, डोळा सगळ्यात आधी कुठं गेला? एक एक मुलगी सांगत गेली. लाल फुलांवर. लाल फुलांवर. माझी लेक म्हणाली, फुलं हलतायत असं वाटतं. मग बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी तोवर तासाचाच झालो होतो.

मी म्हणालो, "छत्रीवर."

मुली हसल्या. वाईट हसणं नव्हतं ते. एक जण म्हणाली, काका, एवढी फुलं आहेत की! मी वाकून बघितलं. मला एक गवताळ उतार दिसत होता, एक बाई, तिची छत्री, वर आभाळ. लेकीचा चेहरा उतरला. तिला कळलं होतं. मी दाराजवळच्या खुर्चीवर परत बसलो आणि सरळ सांगून टाकलं, मला हिरव्यातला लाल दिसत नाही. बाई "असं होय" एवढंच म्हणाल्या आणि पुढे शिकवत राहिल्या.

परतताना लेक मागे बसली होती. नाशिक फाट्याच्या सिग्नलला तिनं माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवली आणि म्हणाली, "पप्पा, तुम्ही सोडू नका हां यायचं." मी सोडणार होतो की नाही, मलाच माहीत नव्हतं. आठवडाभर स्टोअरमध्ये खोक्यांवरची लेबलं लावून घेताना तो उतार डोळ्यांपुढे यायचा. त्याच्यावर फुलं आहेत आणि ती हलतायत, हे काही केल्या मला दिसेना.

पुढच्या रविवारी बाईंनी पहिल्यांदा एक कागद मधे ठेवला. त्याच चित्राची साधी काळीपांढरी झेरॉक्स, मोठी केलेली. मुलींना म्हणाल्या, फुलं दाखवा. मुली शोधायला लागल्या. उतार होता, बाई होती, छत्री होती. फुलं गेली होती. एकीनं कागद उजेडाकडे धरला. फुलं सगळ्यांसाठीच गवतात विरघळून गेली होती.

बाई म्हणाल्या, बघा, चित्रकारानं फुलं आणि गवत सारखंच उजळ ठेवलंय. फरक फक्त रंगाचा. उजेड-अंधाराचा फरकच नाही, त्यामुळे डोळ्याला ती एका जागी धरता येत नाहीत, म्हणून हलल्यासारखी वाटतात. मग त्यांनी मागच्या सगळ्या महिन्यांतल्या चित्रांच्या झेरॉक्स काढून मांडल्या. इटलीतला टॉर्चच्या उजेडातला संत तसाच्या तसा उभा होता, कारण तो सगळा उजेड-अंधारावरच उभा केलेला. दुसरी कुठली तरी चित्रं अगदीच मिळमिळीत झाली होती. रंग काढून घेतल्यावर काय उरतं, यावरून कोण कशावर चित्र उभारतो ते कळतं, असं त्यांनी सांगितलं. तो तास दुपारपर्यंत चालला. मुली एकेक झेरॉक्स उचलून भांडत होत्या. मला बाईंनी मुद्दाम काही विचारलं नाही, याचं मला फार बरं वाटलं.

तास संपल्यावर मुली खाली गेल्या. मी चप्पल घालता घालता बाईंना विचारलं की माझ्यासारख्यानं चित्रं शिकण्यात काही अर्थ आहे का. मला वाटलं होतं त्या धीर देतील. म्हणतील, तुमची नजर वेगळी आहे वगैरे.

बाईंनी झेरॉक्स गोळा करणं थांबवलं. म्हणाल्या, "काही चित्रं तुमच्या वाट्याला अर्धीच येणार, ते खरंय. पण माझ्या वाट्याला तरी कुठं पूर्ण आलीत? ही सगळी मी पुस्तकांतच बघितली. छापलेली. या पुस्तकात निळं असतं ते त्या पुस्तकात हिरवट असतं. खरं कुठलं, मला कुठं माहीत आहे?" मग झेरॉक्स परत गोळा करत म्हणाल्या, "तरी बघायचं थांबवलं नाही मी."

मी जिना उतरलो तो वेगळाच माणूस होऊन, असं काही म्हणणार नाही. पण पुढच्या रविवारी मी खुर्ची सोडून सतरंजीवर बसलो.

परीक्षा जवळ आली आणि बाई मोरीत पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. मुलींचे चेहरे बघवत नव्हते. अर्धा अभ्यास राहिला होता, आणि बाई बिछान्यावर. आम्ही हॉस्पिटलात भेटायला गेलो. बाईंचा चेहरा सुकला होता, पण आवाज तोच. त्यांनी आधी मुलींना उरलेल्या भागाची यादी तोंडी सांगितली आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही घ्या."

मी हसलो. त्यांना वाटलं मला ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी परत सांगितलं. मी म्हणालो, बाई, मी स्टोअरचा माणूस. त्या म्हणाल्या, एवढे महिने ज्याचा एकही तास चुकला नाही असा वर्गात एकच विद्यार्थी आहे, मुलीसुद्धा आजारी पडल्या. पुस्तकं माझ्या घरून न्या. अडलं तर फोन करा.

मग पुढचे काही रविवार आमच्या मोशीच्या घरात तास झाला. बायकोनं दिवाण भिंतीला सरकवला. पुस्तकं मी रिक्षानं आणली होती. पहिल्या रविवारी मी पुस्तकाचं एकच पान तीनदा उलटलं. समोर माझीच लेक बसलेली, आणि मी तिला विसाव्या शतकातला युरोप सांगणार. मी बाईंचंच वाक्य उसनं घेतलं. भांडण कशावरून, असं विचारलं आणि गप्प बसलो. मुलीच बोलायला लागल्या. माझं काम निम्मं झालं.

घनवादाला मात्र गाडी अडली. एका बाईच्या चेहऱ्याचं चित्र होतं, त्यात नाक बाजूनं दिसतं, डोळा समोरून, मान भलतीकडेच. मुली म्हणाल्या, काका, पाठ करतो आम्ही, कळत नाही. मला फोन करायचा होता, पण तेवढ्यात कोपऱ्यातलं एक रिकामं खोकं दिसलं, ज्यातून मी पुस्तकं आणली होती. पुठ्ठ्याची खोकी मी रोज बघतो. आमच्याकडे ती सपाट घड्या करून येतात. मी ते खोकं मुलींपुढे धरलं आणि विचारलं, किती बाजू दिसतात? तीन, त्या म्हणाल्या. मग मी त्याच्या चिकटवलेल्या कडा सोडवल्या आणि ते फरशीवर उलगडून पसरलं. आता किती? सगळ्या. पण आता ते खोक्यासारखं दिसतंय का? नाही. खोक्याबद्दल आधीपेक्षा जास्त कळलं का? लेक पुठ्ठ्याकडे बघत राहिली. मग तिनं पुस्तक ओढून ते बाईचं चित्र परत बघितलं. म्हणाली, त्यानं चेहरा उलगडलाय.

संध्याकाळी बाईंना फोन करून सांगितलं. त्यांनी खोक्याचं दोनदा सांगायला लावलं. मला वाटलं चुकलंच काहीतरी. मग म्हणाल्या, "हे मी घेणार हां. पुढच्या वर्षीच्या मुलींना." नोकरीत मला कधी कधी शाबासकी मिळाली आहे. तिची अशी चव नव्हती.

परीक्षा झाली. चौघींपैकी दोघींना हवी ती कॉलेजं मिळाली, एकीनं पुढच्या वर्षी परत बसायचं ठरवलं, एक आर्किटेक्चरला गेली. माझ्या लेकीला मुंबई मिळाली. तिला हॉस्टेलवर सोडून आलो तेव्हा घर फार नीटनेटकं वाटायला लागलं, आणि ते मला आवडेना. रविवारी सकाळी पाय आपोआप गाडीकडे वळले. बाई काठी घेऊन घरात चालायला लागल्या होत्या. आता मी त्यांच्यासाठी भाजी, औषधं घेऊन जायचो आणि मग आम्ही दोघं कुठलं तरी पुस्तक उघडून बसायचो. मी त्यांना विचारायचो, इथं काय रंग आहे? त्या सांगायच्या. आणि मग त्या मला विचारायच्या, रंग सोडून द्या, तुम्हाला आधी काय दिसलं? असं एकेक पान तासभर चालायचं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर लेकीचा फोन आला. कॉलेजजवळच्या संग्रहालयात युरोपातली जुनी तैलचित्रं आहेत, बाईंना घेऊन या, असं ती म्हणाली. बाई आधी नाही म्हणाल्या. पाय, प्रवास, जिने. दोन दिवसांनी त्यांनीच फोन केला आणि विचारलं की बस कुठून सुटते.

निगडीहून आम्ही सकाळची बस धरली. बायकोही आली. बाईंनी खिडकीची जागा घेतली आणि घाट संपेपर्यंत बाहेर बघत राहिल्या. संग्रहालयाच्या दारात लेक उभी होती. तिनं बाईंचा एक हात धरला, बायकोनं दुसरा. वरच्या दालनात पोचल्यावर बाई पहिल्याच भिंतीपाशी थांबल्या. तिथं फार नावाजलेलं काहीच नव्हतं. एका टेबलावर पाव, काचेचा पेला, अर्धवट सोललेलं लिंबू. सगळं चित्र तपकिरी आणि काळपट, त्यामुळे मलाही ते जवळजवळ पूर्ण दिसत असावं.

बाई समोरून बघतच नव्हत्या. भिंतीजवळ जाऊन कडेनं, तिरपं बघत होत्या. मीही तसंच बघितलं. लिंबाच्या सालीवर रंगाचा जाड उंचवटा होता. तिथं ब्रश उचलल्याची खूण अजून होती. मागचा अंधार मात्र इतका पातळ होता की खालच्या कापडाची वीण दिसत होती. पुस्तकात ते सगळं एका पातळीत येतं. सुरक्षारक्षक पुढे आला. थोडं मागे उभ्या राहा, म्हणाला. बाईंनी त्याला बोटानं ती लिंबाची साल दाखवली. त्यांचे डोळे भरून आले होते. रक्षकानं इकडेतिकडे बघितलं आणि स्वतःचं स्टूल आणून त्यांना दिलं.

लेकीला त्यांना बाकीची दालनं दाखवायची होती. तिनं सगळं ठरवून ठेवलं होतं, आधी हे, मग ते. बाई म्हणाल्या, तुम्ही या जाऊन. आम्ही तिघं सगळं बघून परत आलो तरी त्या त्याच लिंबासमोर बसलेल्या होत्या. बायकोनं विचारलं, कंटाळा नाही आला? बाई म्हणाल्या, त्यानं आधी अंधार लावलाय, मग पेला, आणि लिंबू सगळ्यात शेवटी. साल तर सोलून काढता येईल इतकी जाड. हे मी आता शोधून काढलं. त्यांचा चेहरा पहिलीतल्या मुलीसारखा दिसत होता. सत्तरीच्या घरातल्या बाईकडे बघून असं वाटावं, याचं मला आश्चर्य वाटलं नाही. त्यांना ओळखायला लागल्यापासून मी याचीच वाट बघत होतो, असं वाटलं.

परतीच्या बसमध्ये बायको झोपली. खोपोलीच्या अलीकडे बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तैलरंगाचा तास मी इतकी वर्षं चुकीचा घेत आले. चुकीचा नाही, पण सपाट. आता तो नव्यानं बांधायला पाहिजे." आणि मग त्या घाटभर बोलत राहिल्या. जवसाचं तेल किती दाट घ्यायचं, पातळ थर आधी कसे लावून घ्यायचे, मुलींना शेवटचा जाड फटकारा द्यायला लावून तो कडेनं बघायला कसं लावायचं. मधेच म्हणायच्या, हे तुम्ही ध्यानात ठेवा हां.

नव्या मुली जूनमध्ये आल्या. पहिल्या रविवारी बाईंनी मला जवसाचं तेल आणायला सांगितलं होतं, दोन बाटल्या. मी गेलो तेव्हा त्या काठी बाजूला ठेवून सतरंजीवर बसल्या होत्या, पदर खोचलेला, समोर एका पाटावर काळपट पातळ थर लावून सुकवलेला. मुली भोवती वाकलेल्या. मी बाटल्या ठेवल्या आणि त्यांच्यात जागा करून बसलो.